भाईंदरच्या चिखलाचे चार हिशेब

उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण काठावर मीरा-भाईंदर शहर उभे आहे. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही जुन्या धारावी बेटावरची गावे, आणि या दोहोंमध्ये राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, खारीगाव, गोडदेव, मिरे यांचा सखल पट्टा. इथला इतिहास सांगायचा म्हटले की तो सहसा उंचावरून सुरू होतो: घोडबंदरचा किल्ला, पोर्तुगिजांचा अंमल, १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी सर केलेला धारावीचा डोंगर. पण इथल्या माणसांनी पोट भरले ते खालच्या चिखलावर, आणि सत्ता कोणाचीही असो, तिने महसूल काढला तोही याच चिखलातून. गेल्या दीडशे वर्षांत या चिखलाचा हिशेब तीनदा मांडला गेला. पहिल्यांदा भाताच्या खंडीत, दुसऱ्यांदा मिठाच्या मणांत आणि तिसऱ्यांदा चौरस फुटांत. आता चौथी वही उघडली आहे, ती कार्बनच्या टनांची. माझे म्हणणे असे की आधीच्या प्रत्येक वहीने एकच जिन्नस मोजला आणि जे मोजले नाही ते निरुपयोगी ठरवले. चौथी वहीही तशीच लिहिली गेली, तर ज्या कार्बनसाठी ती उघडली तोच कार्बन हातातून जाईल. कारण खाडीकाठी कार्बन टिकतो तो भरती-ओहोटीच्या चालीवर, आणि ती चाल नीट आहे की बिघडली आहे हे सर्वांत आधी कळते ते तिथल्या जीवांच्या विविधतेवरून.

आधी कार्बनचा मुद्दा समजून घेऊ. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, हे शाळेतल्या पुस्तकातले ज्ञान आहे. डोंगरावरच्या जंगलात पान गळते, कुजते आणि त्यातला बहुतेक कार्बन काही वर्षांत हवेत परत जातो. खाडीच्या चिखलात मात्र पाणी साचलेले असते, हवा पोहोचत नाही, आणि कुजण्याची क्रिया मंदावते. त्यात दर भरतीला वरून नवा गाळ येऊन बसतो. त्यामुळे पान, मूळ, शेवाळ, शिंपला असे जे काही खाली जाते ते शतकानुशतके पुरलेले राहू शकते. २०११ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात डॅनियल डोनाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या २५ कांदळवनांची, म्हणजे खारफुटीच्या रानांची, मोजणी प्रसिद्ध केली. हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन, आणि त्यातला निम्म्यापासून जवळजवळ सगळाच जमिनीखाली, असा तो निष्कर्ष होता. हा आकडा जसाच्या तसा भाईंदरला लावता येणार नाही. त्यातली बरीच वने जाड सेंद्रिय थरांवर उभी होती. आपल्या खाडीतला गाळ सह्याद्रीच्या उतारावरून आलेला, खनिजांनी भरलेला, आणि अशा गाळात कार्बनचे प्रमाण एकंदरीत कमी असते. पण साठा मुख्यतः पायाखाली असतो, हे तत्त्व इथेही तितकेच खरे आहे. ते तपासण्याची पद्धत साधी आणि कष्टाची आहे. ओहोटीला चिखलात उतरून अर्ध्या नळीसारखे पोलादी हत्यार मीटरभर किंवा त्याहून खोल दाबायचे, फिरवायचे आणि गाळाचा उभा गाभा बाहेर काढायचा. वरची काही बोटे राखाडी-तपकिरी, मुळांच्या तंतूंनी भरलेली. त्याखालचा थर काळपट, सडक्या अंड्याचा वास मारणारा. मध्येच शिंपल्यांचा चुरा. तो वास म्हणजे खाली हवा नाही आणि कार्बन जागेवर आहे याची खूण. मग त्या गाभ्याचे तुकडे करून वाळवायचे, वजन करायचे, भट्टीत जाळायचे आणि किती वजन घटले ते पाहायचे. झाडाचा घेर कितीही काळजीपूर्वक मोजला, तरी या वहीतली मोठी रक्कम त्यात येत नाही.

आता पहिला हिशेब. कोकणात खाडीला बांध घालून खारजमीन लागवडीखाली आणण्याची रीत जुनी आहे. १८८२ च्या मुंबई प्रांताच्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या अशा जमिनींची आणि शिलोत्री पद्धतीची माहिती येते: बाहेरचा मोठा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रदाराची आणि त्याबदल्यात कुळांनी त्याला ठरावीक धान्य द्यायचे. मिरे, भाईंदर आणि घोडबंदर या गावांच्या जमिनींबाबत इंग्रज सरकारने १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांचा पट्टा दिला. खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालणे आणि शेतकऱ्यांच्या पिकातला वाटा घेणे, असे त्या व्यवहाराचे स्वरूप होते. पुढे हे हक्क एका खासगी कंपनीकडे गेले आणि त्यांवरचे वाद आजही शहराच्या जमीनव्यवहारांना चिकटलेले आहेत. इथे महत्त्वाचे हे, की सरकारी कागदावर चिखलाला किंमत आली ती त्यातून समुद्र हाकलण्याच्या अटीवर. बांधाच्या आतली वही भात मोजत होती. चिंबोऱ्या, निवटे, कालवे, कोळंबी, गुरांना घातला जाणारा तिवराचा, म्हणजे खारफुटीच्या एका झाडाचा, पाला यांची नोंद त्या वहीत नव्हती, कारण त्यांवर महसूल नव्हता.

आणि तरीही खाजणाची, म्हणजे बांधाआतल्या खारजमिनीची, शेती समुद्राशी पूर्ण फारकत घेऊ शकत नव्हती. बांधाला उघाडी ठेवावी लागे. पावसाळ्यात आतले गोडे पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर सोडायचे आणि भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने तिची झडप बंद व्हायची. काही ठिकाणी पीक निघाल्यावर तीच उघाडी उलट वापरून खारे पाणी आत घेत आणि त्याबरोबर आलेले मासे पकडत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर सर्वाधिक मार बसे, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला उसंत मिळे, आणि दुरुस्तीची कामे त्या वेळापत्रकावर चालत. एकदा बांधाला खांड पडली की एका रात्रीत दोन-तीन वर्षांचे पीक हातचे जाई. म्हणून बांधाच्या बाहेरची तिवरे तोडायची नाहीत, हे शहाणपण ज्याला बांध राखायचा असे त्याला शिकवावे लागत नसे. लाटेचा जोर आधी तिवरांच्या मुळांवर मोडे, मग बांधावर येई. म्हणजे आत भात, बांधावर गवत, बाहेर तिवर, त्यापुढे उघडा चिखल आणि मग खाडी, असा थरांचा पट्टा तयार झाला. आतल्या थरात कार्बनचा तोटा झाला यात शंका नाही. चिखल सुकला, भेगाळला, हवा आत शिरली आणि पुरलेले सेंद्रिय द्रव्य कुजू लागले. पण पट्ट्याची बाहेरची बाजू शाबूत राहिली, कारण आतल्या बाजूचे हित तिच्यावर अवलंबून होते.

दुसरा हिशेब मिठाचा. आगरी समाजाचा हा पिढीजात धंदा, आणि भाईंदरच्या मिठागरांना मोठी बाजारपेठ खुली झाली ती रेल्वेमुळे. १८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी वसईची खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आली. होडीने जाणारे मीठ आता डब्यात भरून जाऊ लागले. वसाहती सरकारला मिठावरचा कर हवा होता, त्यामुळे मीठ कुठे पिकते, किती पिकते, कुठून बाहेर जाते यावर पहारा बसला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ करणे गुन्हा ठरवले. मिठागराचे काम पावसाळा संपल्यावर सुरू होते. चिखल तुडवून, ठोकून तळ घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीला पाणी मोठ्या कोंडीत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने आटवायचे, आणि शेवटच्या लहान वाफ्यात दाणा धरला की लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग लावायचे. पाण्याचा रंग, तरंगणारी साय, पायाला लागणारा दाणा यांवरून कोणते पाणी कधी पुढे सोडायचे हे मिठागरातला माणूस ओळखतो. मृगाच्या पावसाआधी सगळे उरकावे लागते; अवकाळी सरीने आठवड्यांची मेहनत विरघळते.

मिठागरात कार्बन फारसा साठत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तळ ठोकलेला, झाड नाही, मूळ नाही. कार्बनचीच वही हातात घेतली तर मिठागर म्हणजे तोट्याचे पान. पण मिठागराला एक गोष्ट सतत लागते, ती म्हणजे खाडीचे वाहते पाणी. त्यासाठी मिठागराचा मालक नाळी उपसून मोकळ्या ठेवी, आणि त्या नाळींच्या काठांवर तिवर, काजळा, मारांडी अशी खारफुटीची झाडेझुडपे तग धरून राहत. कमी-अधिक खाऱ्या पाण्याच्या कोंडींत शेवाळ, कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म जीव आणि त्यांवर जगणारे शेकाटे, तुतारी, सुरय असे पक्षी. पावसाळ्यात त्याच वाफ्यांत गोडे पाणी आणि वेगळे जीव. मिठाच्या वहीने यातले काहीही मोजले नाही, पण भरतीचा रस्ता मोकळा ठेवणे ही तिची स्वतःचीच गरज असल्याने बाकीचे आपोआप सांभाळले गेले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. खाजणे काय किंवा मिठागरे काय, दोन्ही माणसाने कांदळवन मोडूनच केली. मग आज त्यांच्या नावाने गळा काढून काय उपयोग? आणि जुना काळ पर्यावरणस्नेही होता असे म्हणणे म्हणजे वेठीला जुंपलेल्या कुळांचे आणि मिठाने पाय फाटलेल्या मजुरांचे हाल विसरणे नव्हे का? माझा दावा जुना काळ चांगला होता असा नाही. शिलोत्रदाराला आणि मीठ खात्याला निसर्गाची कणव नव्हती. दावा एवढाच की त्या दोन्ही हिशेबांची बांधणी अशी होती की पाण्याची ये-जा थांबली तर नफाही थांबत असे. म्हणून त्यांनी पट्टा आखडला, पण तो मारला नाही. भाईंदरच्या इतिहासात भरती बंद होण्यातच फायदा असणारा हिशेब आला तो तिसऱ्या वहीत.

ती वही चौरस फुटांची. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,२०,३८८ होती, २०११ साली ८,०९,३७८. मुंबईत घर न परवडणारी माणसे इथे आली, आणि त्यांना घर हवे होते यात काही गैर नाही. मात्र सखल जमिनीवर इमारत उभी करायची तर आधी भराव लागतो, आणि भराव टाकला की भरतीचे पाणी नकोसे होते. कुऱ्हाड न लावताही तिवर मरते. रस्त्याखालची मोरी अरुंद केली, नाळीच्या तोंडाशी राडारोडा टाकला, बांधाची उघाडी कायमची बंद केली, की आतले पाणी एक तर आटते किंवा साचते. आटले तर जमीन अतिखारी होऊन झाड वाळते. साचले तर जमिनीवर आलेली श्वसनमुळे सतत पाण्याखाली राहून गुदमरतात. मग वाळलेले रान पाहून इथे पूर्वी काही नव्हतेच असे म्हणायला कोणी मोकळा.

या काळात कायदा झोपला होता असे नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात टाकले. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटीच्या तोडीला आणि तिच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामाला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती कायम केली आणि तोड करायची तर सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाची परवानगी लागेल असे घालून दिले. २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. या आदेशांनी बरीच झाडे वाचवली, याबद्दल दुमत नाही. पण संरक्षण मिळाले ते झाडाला. पट्ट्याच्या बाकीच्या थरांना काय मिळाले? भारत ज्या रामसर कराराचा १९८२ पासून सदस्य आहे, तो करार मिठागरे आणि भातखाचरे यांनाही पाणथळीत धरतो. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती आणि मीठ उत्पादनासाठी केलेल्या रचना पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळल्या. नाळीच्या एका काठावरचे तिवर न्यायालयाच्या संरक्षणाखाली, दुसऱ्या काठावरचा मिठागराचा वाफा मोकळी जमीन, आणि दोघांना पोसणारे पाणी कोणाच्याच खात्यात नाही, अशी ही स्थिती. मिठागर बुजवले की नाळीचे काम संपते. नाळ बुजली की संरक्षित तिवर कायद्याने जिवंत आणि प्रत्यक्षात मरणपंथाला लागलेले असते.

याचा परिणाम झाडांच्या जातींवर दिसतो. मुंबई प्रांतातल्या खारफुटीवर जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लाटर यांनी १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. त्याच नियतकालिकात पुढे १९५० च्या दशकात नवलकरांनी मुंबई आणि साष्टी बेटांवरच्या खारफुटीचा क्रम, म्हणजे कोणती जात आधी येते आणि कोणती मागून, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. असा क्रम मांडता येण्याइतकी विविधता या किनाऱ्यावर होती. आज मुंबई आणि ठाणे परिसराच्या खाड्यांत तिवराचे, त्यातही एकाच जातीच्या तिवराचे, वर्चस्व आहे. ही जात चिवट आहे. जास्त खार, सांडपाणी, गाळ, तोड सगळे सोसते आणि पुन्हा फुटते. कांदळ, चिप्पी, झुंबर, काजळा यांना मात्र पाण्याची खोली, गोडेपणा आणि ये-जा यांचे ठरावीक प्रमाण लागते. म्हणून तिवराचे एकसुरी रान हिरवेगार दिसले तरी, पाणी पूर्वीसारखे फिरत नसल्याची ती बहुधा खूण असते.

कार्बनशी याचा संबंध काय? प्रत्येक जात चिखलात वेगळे काम करते. कांदळाची कमानदार आधारमुळे पाण्याचा वेग मोडून गाळ खाली बसवतात. त्याची जाड पाने टॅनिनमुळे सावकाश कुजतात. तिवराचे पान लवकर कुजते आणि खेकडे, गोगलगायी, सूक्ष्मजीव यांना खाद्य पुरवते. त्याची हजारो श्वसनमुळे बारीक गाळ धरतात. खेकडे पडलेली पाने भरतीबरोबर वाहून जाण्याआधी बिळात ओढतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या खाड्यांत १९८० च्या दशकात हे मोजून दाखवले गेले. २०२१ साली बांगलादेशातल्या सुंदरबनचा मोठा अभ्यास ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला; झाडांची विविधता जिथे जास्त, तिथे कार्बनचा साठाही जास्त, असा संबंध त्यात आढळला. चीनच्या हायनान बेटावरच्या कांदळवनांतही तसेच दिसले. भाईंदरच्या खाडीकाठी अशी मोजणी करायची तर सगळ्या तऱ्हेच्या जागा एकाच शहरात उपलब्ध आहेत: धारावी बेटाकडची त्यामानाने मोकळी भरती, रेल्वेच्या भरावांमुळे अडलेले पाणी, सोडून दिलेली मिठागरे, बांध फुटून पुन्हा खारी झालेली खाजणशेती.

यावर जाणकारांचा दुसरा आक्षेप असा की संबंध म्हणजे कारण नव्हे. जिथे गाळ चांगला, पाणी खेळते, तिथे जातीही जास्त आणि कार्बनही जास्त. विविधता फक्त सोबत आली. शिवाय जगात एकाच जातीची अशी कांदळवने आहेत की ज्यांच्याखाली प्रचंड साठा आहे, आणि खेकड्यांच्या बिळांतून हवा आत जाऊन काही कार्बन सुटतो हेही खरे. हा आक्षेप मी मान्य करतो; माझा युक्तिवाद त्याने उलट पक्का होतो. विविधता स्वतः किती कार्बन साठवते, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू राहोत. पण ती जर चांगल्या पाण्याची आणि चांगल्या गाळाची सोबतीण असेल, तर ती त्यांची सर्वांत स्वस्त मोजपट्टी आहे. गाभा काढून कार्बन मोजायला प्रयोगशाळा लागते आणि त्यात पडलेला फरक कळायला अनेक वर्षे जातात. निवटे दिसेनासे झाले, चिंबोऱ्या घटल्या, काजळ्याचे झुडूप वाळले, हे खाडीवर जाणाऱ्या कोळ्याला एका हंगामात कळते. साठा हवेत जाऊ लागण्याआधी मिळणारी ती सूचना आहे. शिवाय खारे पाणी अडून तिथे सांडपाणी साचले की आणखी एक नुकसान होते. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे चिखलात मिथेन फारसा तयार होत नाही. खार उतरला आणि मैला वाढला की हा अटकाव कमी होतो. तेव्हा झाडे उभी असूनही तोच चिखल हवामानाला मारक ठरू शकतो, आणि झाडे मोजणाऱ्या वहीत ते कधीच उतरणार नाही.

तिसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो. कार्बन आणि जैवविविधता नेहमी एकाच दिशेने जातात हे कोणी सांगितले? ठाण्याच्या खाडीत गाळ साचून तिवरे उघड्या चिखलावर पुढे सरकली. कार्बन वाढला असेल, पण रोहित आणि तुतारीसारख्या पक्ष्यांना लागणारी उघडी दलदल आखडली. तिथल्या रोहित पक्षी अभयारण्याला २०१५ साली दर्जा मिळाला आणि २०२२ साली ते रामसर स्थळ झाले, ते केवळ झाडांसाठी नव्हे. हे उदाहरण नीट पाहिले तर चौथ्या वहीतला धोकाच त्यातून दिसतो. फक्त टन मोजायचे ठरले तर उघड्या चिखलावर तिवर लावणे हा फायद्याचा सौदा वाटेल. तसे करणे पक्ष्यांना मारक आहेच, पण कार्बनसाठीही कच्चे आहे. जिथे नैसर्गिकरीत्या झाड येत नव्हते तिथे लावलेली रोपे लाटेने उपटली जातात, हा अनेक देशांतल्या लागवडींचा अनुभव आहे. उघडा चिखल, नाळ, तिवर, कोंडी हे एकाच यंत्रणेचे भाग आहेत. एका भागाचे आकडे वाढवायला दुसरा मोडला तर यंत्रणा चालत नाही.

चौथा आक्षेप घरांचा आणि आकाराचा. माणसांना घरे हवी असताना चिखल मोकळा का ठेवायचा? आणि लाखोंच्या वस्तीच्या या शहराच्या, तसेच शेजारच्या मुंबईच्या, धुरापुढे काही चौरस किलोमीटर चिखल दरवर्षी किती कार्बन शोषणार? फार थोडा. तो शोषणाचा आकडा पुढे करून कोणी शहराच्या धुराला माफी मागत असेल तर ती फसवणूक आहे. पण प्रश्न दरवर्षीच्या मिळकतीपेक्षा साठलेल्या ठेवीचा आहे. कार्बनचा एक टन हवेत गेला की त्याचा सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो, आणि शतकानुशतके जमलेला थर उकरून, सुकवून काही वर्षांत मोकळा करता येतो. तो परत जमवायला तेवढीच शतके हवीत. घरांबद्दल म्हणायचे तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्याला पसरायला जागा न उरणे म्हणजे काय, हे या सगळ्या पट्ट्याने अनुभवले. सखल भरावावरच्या घरात राहणाऱ्या माणसाला खाडीच्या मोकळेपणाची गरज कोणत्याही पक्ष्यापेक्षा कमी नाही.

चौथी वही आता प्रत्यक्ष लिहिली जाऊ लागली आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने खारफुटी लागवडीची ‘मिष्टी’ योजना जाहीर केली. दुसरीकडे वर्सोवा ते भाईंदर या किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि भरपाईच्या वनीकरणासाठी सुचवलेल्या जागांत चंद्रपूर जिल्ह्यातलीही जमीन आहे. रस्ता हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. पण चंद्रपूरच्या जमिनीला भरती येत नाही. तिथे लावलेला साग किंवा बांबू चांगलाच असेल, पण तो भाईंदरच्या चिखलाखालचा कार्बन धरून ठेवत नाही, जिताडा माशाच्या पिलांना आसरा देत नाही आणि उधाणाची लाट मोडत नाही. झाडाला झाड अशी वजाबाकी मांडली की ती कागदावर शून्य येते. ते शून्य खोटे आहे.

म्हणून मागणी साधी असावी. मीरा-भाईंदरच्या महापालिकेने आणि कांदळवन कक्षाने रोपांच्या संख्येआधी भरतीच्या रस्त्यांची नोंद करावी: कोणत्या नाळीचे तोंड बुजले, कोणती मोरी अरुंद आहे, कोणत्या सोडलेल्या मिठागराची उघाडी उघडता येईल. मिठागरे आणि खाजणे त्यांच्या नाळींसह पाणथळ म्हणून धरली जावीत, नियमांतली पळवाट राज्याने तरी बुजवावी. ठिकठिकाणी गाळाचे गाभे काढून साठा मोजावा, आणि शेजारच्या विद्यापीठांनी ते काम हाती घ्यावे. त्याच्या बरोबरीने झाडांच्या, खेकड्यांच्या, माशांच्या जातींची यादी उत्तन-राईच्या कोळी आणि आगरी माणसांना सोबत घेऊन दर हंगामाला व्हावी आणि ती लोकांसमोर ठेवावी. भात आणि मीठ पिकवणाऱ्यांना पाणी अडवायचे किंवा आटवायचे होते, तरी ते कोठून येते आणि कोठे जाते याचा हिशेब त्यांनी कधी चुकवला नाही. कार्बन मोजायला निघालेल्या आपण त्या हिशेबापासूनच सुरुवात केली पाहिजे. पाणी सोडून फक्त झाडे मोजली, तर आपली वही आधीच्या तिन्हींपेक्षा कच्ची ठरेल.